हळूथांब

संध्याकाळभर लेथ बिनतक्रार फिरला.
भोसरीत सेक्टर दहाच्या शेडमध्ये
बाळू टिळेकर चहा पीत होता, मी निघायच्या बेतात,
आणि त्याने थांबायचं बटण दाबलं.

खाडकन ब्रेक. चकमधला जॉब फुटला.
पडद्यावर एक ओळ:
हळूथांब या नावाचं कुणी सापडलं नाही.

बाळू म्हणाला, सापडत नव्हतं तर सकाळी सुरू कसा झाला?

सांगतो.
प्रोग्रॅमकडे सगळं स्वतःचं नसतं.
कंपाइल होताना बरीच नावं नुसती लिहून ठेवतात,
पुढे पत्त्याची जागा कोरी.
मग लोडर यादी घेऊन लायब्ररी लायब्ररीचं दार वाजवतो,
अमुक इथे राहतात का?
जे दार आधी हो म्हणेल, तो पत्ता पक्का.
पुढच्या दारी त्याच नावाचा आणखी कुणी असला
तर बसेना का बिचारा वाट बघत.

पण काही नावं तो शोधतच नाही, हाक मारेपर्यंत.
पहिल्या हाकेला वळसा, चौकशी,
मग पत्ता टिपून ठेवायचा. दुसऱ्या हाकेपासून थेट.

तांबोळीच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तास मोडला होता.
जकात नाक्याला उतर, म्हणाली.
जकात कधीच बंद झाली, नाका कुठे दिसेना,
कंडक्टर मात्र तेच ओरडला आणि चार माणसं उतरलीसुद्धा.
पुढच्या खेपेला पाय आपोआप वळले.

हळूथांब तिचंच.
शहनाज, इंग्रजीत नाव दे की, म्हटलं होतं मी.
"काय करतं ते कळलं ना तुला? मग झालं."

ती मार्चमध्ये गेली.
नव्या टीमने लायब्ररी झाडूनपुसून पाठवली,
फाइल चाळीस टक्के बारीक झाल्याचा आनंदी मेल.
मी सिंबॉल टेबल उघडलं.
आमच्या बाजूला नाव आणि शेजारी यू: माहीत नाही.
त्यांच्या बाजूला नावच नाही.

मग नुसते आकडे वाचत बसलो, रात्री दोनपर्यंत.
एका जागी वेगाचा आठवा हिस्सा काढलेला,
उरलेल्याचा पुन्हा आठवा, पुन्हा,
आणि अगदी शेवटी, शून्याच्या अलीकडे,
कुणी न सांगितलेली एक छोटी उसंत.
असं थांबवणारी एकच बाई मला माहीत आहे.

म्हणजे ती आत होतीच.
काम जागच्या जागी, दारावरची पाटी तेवढी काढलेली.
मी पाटी लावली. पुन्हा बिल्ड केलं.
बाळूने बटण दाबलं,
लेथ कुरकुरत, कुरकुरत
थांबला.

फोनमध्ये तिचं नाव अजून आहे.
नंबर बदललाय म्हणतात.
हाक मारल्याशिवाय कळायचं नाही.