पुढचं शून्य

मंगळवारी संध्याकाळी बाउत्सनच्या वाचनालयात,
वरच्या मजल्यावर, मी सात जणांना जावास्क्रिप्ट शिकवतो.
हीटर खोकत असतो. खाली श्प्रे नदी.
पहिल्या बाकावर एडेलट्राउट नोआक,
वय एकाहत्तर,
सारा जन्म टपालकचेरीत पत्रं वेगळी करण्यात गेलेला.

मी फळ्यावर लिहिलं:
पाच अधिक पाच, दहा.
एका पाचाला अवतरणचिन्हं घातली, की पंचावन्न.
कोर्ला फिस्सकन हसला,
"आमच्या बेकरीत असा हिशेब लागला असता तर!"

एडेलट्राउट हसली नाही.
तिनं गावाचा पिनकोड टाइप केला,
शून्य दोन सहा दोन पाच,
त्याचा आकडा केला,
आणि पडद्यावर उरले
दोन हजार सहाशे पंचवीस.

"माझं शून्य कुठं गेलं?"

"पुढच्या शून्याला किंमत नसते," मी म्हणालो,
शाळेत सगळेच सांगतात तसं.

तिनं चष्मा काढला. कमी तिकिटं लावलेल्या पाकिटाकडे
खिडकीमागून बघावं, तसं माझ्याकडे बघितलं.
"त्र्याण्णव साली नवे कोड आले.
पुढं शून्य, म्हणजे आमचा कोपरा.
वीस वर्षं हा हात
त्या शून्याकडे बघून वळत होता.
आणि तुम्ही म्हणता, किंमत नाही."

मी खडू खाली ठेवला.
तिनंच मग अवतरणचिन्हं घातली, शून्य जागेवर आलं.
"म्हणजे ज्याची बेरीज करायची नाही,
तो आकडा नव्हेच," ती म्हणाली.
"घराचा नंबर. टेलिफोन.
इथल्याच तुरुंगात माझ्या भावाला दिला होता तो."

खोलीत हीटर तेवढा बोलत होता.

मग तिनं भावाची नोंद केली. नाव, अक्षरांत.
क्रमांक, अक्षरांत.
परतला? इथं बोट थांबलं.
"खरं लिहू की खोटं?"
"माहीत नसेल तर नल," मी म्हणालो.
"नल म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून रिकामी ठेवलेली जागा.
लिहायचंच राहून गेलं, तर ते अनडिफाइंड."
"राहून गेलेलं नाही," ती म्हणाली,
आणि नल लिहिलं.

नंतर यंत्राला विचारलं, हे नल कुठल्या प्रकारचं?
यंत्र म्हणालं, ऑब्जेक्ट. वस्तू.

"ती भाषेतली जुनी चूक," मी घाईनं म्हणालो,
"फार काही तिच्यावर उभं आहे,
आता काढता येत नाही."

"असू दे," एडेलट्राउट कोटाची बटणं लावत म्हणाली.
"फाइल कुठं साठवायची, तेवढं दाखवा."