शिट्टी देताना

ही घे, ऋत्विज. पितळी आहे, थंडीत ओठांना चटका देते.
आतला वाटाणा झिजलाय, जोर लावावा लागतो,
पण फार फुंकू नकोस.
पहिल्या महिन्यात मी इतकी फुंकली
की रामबागेतली कुत्री सावधान उभी राहायची,
पोरं नाही.

इतरांना वाघ मिळाला, गरुड मिळाला.
आपला टिटवी संघ.
आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून निजणारी ती.
हसतील. हसू दे.

सात पोरं आणि एक वही तुझ्या ताब्यात.
वहीत लिही: तंबू दोन, खुंट्या बत्तीस, कुऱ्हाड एक.
वहीत लिहायचं नाही ते तोंडी सांगतो.
दिघ्याला अंधाराची भीती वाटते, कबूल करणार नाही,
कंदील त्याच्याकडे दे.
चौधरीच्या डब्यात महिनाअखेरीला नुसती शेव असते,
तेव्हा सगळे डबे एका ताटात ओत
आणि सांग, असा संघाचा नियम आहे.
असा नियम नाही.
शेवटी जेव. पोहे उरले नसतील
तर कढई घासायला घे, म्हणजे कोणी विचारत नाही.

चोरलच्या शिबिरात मी अकरा वर्षांचा होतो.
तिसऱ्या पहाटे जाग आली तर अंथरूण ओलं.
लखनभाऊ तेव्हा नायक.
तो उठला, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
आणि पाण्याच्या घागरीला त्याचा पाय लागला.
तंबूभर पाणी. सगळे ओरडत उठले.
खासगीवाले सरांनी त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या दिल्या.
तो पळत होता,
मी सतरंजी वाळत घालत होतो,
सगळ्यांच्या सतरंज्यांसारखीच ओली.

टिटवी अंड्यांपासून लांब जाऊन
पंख मोडल्यासारखा फरफटवत चालते,
ते मी खूप नंतर पाहिलं, राळामंडळच्या माळावर.
तेव्हा मी नायक झालो होतो
आणि व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कुऱ्हाड हरवली होती.
मानसभेत उभा राहून मी म्हणालो, मुर्तजाकडे होती.
खोटं नव्हतं ते. वहीत तसंच होतं,
माझ्याच अक्षरात, तारखेसकट.
सर म्हणाले, शाब्बास, नायकाने असंच स्पष्ट बोलावं.
मुर्तजा काहीच बोलला नाही.
पुढच्या शनिवारी आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
दसऱ्याला तंबू उन्हात उलगडला,
तर घडीच्या आत कुऱ्हाड.
तो तंबू मी गुंडाळला होता.
हे वहीत नाही.

काल या शिट्टीला नवी दोरी घ्यायला
सियागंजात गेलो.
दुसरीही दुकानं होती.
मुर्तजा गल्ल्यावर, सोनेरी काठाची टोपी,
मिशी फुटलेली.
"बोलो भिया, कितनी?"
मी म्हणालो, डेढ़ हाथ.
घरून निघताना वेगळं वाक्य तयार केलं होतं.

त्याने मोजली. कापली.
मग उसवू नये म्हणून
कापलेल्या टोकाला दोऱ्याचे वेढे दिले,
एकमेकांना चिकटून, अकरा,
शेवटचा आत ओढून घेतलेला.
दुकानात असं कोणी करून देत नाही.
पाटणीपुऱ्याच्या मैदानात एका शनिवारी
मीच शिकवलं होतं त्याला, आणि तेव्हा त्याचे
दर वेळी नवव्या वेढ्याला सुटायचे.

वीस रुपये घेतले. सोडले नाहीत.
सुटे परत दिले ते डाव्या हाताने.
उजव्यात कात्री होती, म्हणून असेल.
किंवा आपण देतो तसा.
रस्त्यावर येऊन मी उगाच
दोन दुकानं पुढे गेलो, परत आलो,
तोवर तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला तार तोलून देत होता.

दोरी गळ्यात घाल. ते टोक बघ, सुटणार नाही.
आता आण तुझा डावा हात.
आणि सही करायच्या आधी
जा, तंबू उलगडून बघ.
कुऱ्हाड एक.