हमालीचा रकाना

तुळजापूर नाक्याच्या आत, वेलजीभाईंच्या वखारीत
एकतीस वर्षं मी लाकूड लिहितो.
घनफूट, गाठी, चीर, वाळवी,
आणि शेवटच्या रकान्यात हमाली.

आमोस हिवाळे सुतार यायचा महिन्याच्या पहिल्या सोमवारी.
चर्चच्या बाजाच्या पेटीची एक बाजू किड्यांनी खाल्लेली.
त्याला हवं होतं रक्तचंदन.
"शलमोन राजानं कठडे केले त्याचे, वीणा केल्या.
पुन्हा तसलं लाकूड कुणी पाहिलं नाही."
"बाभूळ आहे," मी म्हणायचो. "कडुलिंब आहे.
राजाचं गिऱ्हाईक आमच्याकडे नाही."

तरी तो बसायचा, भुश्शात चपला रुतवून,
आणि ओफीरहून गलबतं हाकायचा.
तीन वर्षांतून एकदा लागणारी,
हस्तिदंत, माकडं, मोर.
सोराचा राजा देवदारांचे तराफे समुद्रात सोडी,
मोबदल्यात गहू घेई आणि तेल.
"आणि सोनं?"
"चारशेवीस किक्कार."
"चारशेवीस?" मी हसलो.
तो हसला नाही.

मला आपलं भलतंच सुचायचं.
मोराला बोट लागत असेल का?
माकडांचे हरभरे कुणाच्या नावे टाकले?
आणि ते ओंडके धक्क्यावर उतरवले कुणी,
खांद्याला किलतान बांधून, भर उन्हाचं?
सोनं तेवढं नेमकं मोजलेलं.

मग जुन्या गिरणीची मोडतोड निघाली.
ट्रकभर तुळया आल्या, ब्रह्मदेशी साग,
अंगावर कापसाचं तूस, पार काळं पडलेलं.
खिळे उपटता उपटता शिद्राम थांबला.
एका तुळईच्या बुडाशी पाचर ठोकलेली,
हातभर, लाल.
त्यानं ती आधी हुंगली.
वेलजीभाईंनी नखानं खरवडली.
साग नाही, शिसवी नाही, खैरही नाही.
हौदात टाकली तर बुडाली.

आमोस त्या दिवशी काही बोलला नाही.
पाचर कानाशी धरली,
बोटाच्या पेरानं दोनदा वाजवली,
जसं कुणी परक्या घराचं दार वाजवतं.
"किती?"
वेलजीभाई चहा ओतत होते बशीत.
"किरकोळीत टाक."

मी वही ओढली.
लाकूड: नाव माहीत नाही.
कुठून: गिरणी. त्याआधी जहाज. त्याआधी
इथं पेन अडलं.
शेवटच्या रकान्यात मात्र लिहिलं
शिद्राम तुकप्पा म्हेत्रे, चाळीस रुपये,
एरवी नुसता आकडा लिहितो मी.

पुढच्या सोमवारी आमोस परत हजर.
"वाजली का पेटी?"
"वाजली. भाता जरा गळतोय."
चपला भुश्शात रुतवल्या, घाम पुसला,
मग इकडेतिकडे बघत, हळूच,
"दोन पट्ट्या निखळल्यात हो.
हस्तिदंत कुठं मिळेल?"