फलकासाठी मजकूर

नगरपंचायतीचं पत्र आलं:
तळ्याकाठी फलक लावायचा आहे, सहा बाय चार,
बाहेरून येणाऱ्यांना गावाची माहिती म्हणून.
आपण निवृत्त शिक्षक, आपणच लिहावं.
लादू पेंटर अक्षराला तीन रुपये घेतो,
जोडाक्षराला चार.
तेव्हा बेतानं.

बसलो. लिहिलं: आडतळ्याचा इतिहास प्राचीन आहे.
'प्राचीन' एकटाच दहा रुपयांचा.
खोडून 'जुना' केला, सहात भागलं.

किती जुना, ते कुणाला ठाऊक?
बांधावर एक दगड आहे, त्यावर म्हणे साल होतं.
पण आमचा दगड जांभा,
पाणी पितो तशी अक्षरंही पितो.
हात फिरवला तर एक काना लागतो बोटाला,
की ती गोगलगाईची वाट?

देसायांकडे विचारलं, तर तळं देसायांनी बांधलं.
वडारवाडीत विचारलं, तर यल्लाप्पा हसला:
"त्यांनी बांधलं, आमच्या पणज्यानं वाहिलं."
घाटावरून अठरा बिऱ्हाडं आणली होती,
परत गेली अकरा.
सात इथंच, उंडीच्या झाडांखाली.
त्यांच्यावर दगड नाही, दगड सगळा बांधाला लागला.
ही शेवटची ओळ दोनदा मोजली.
पासष्ट रुपये होतात.

मग म्हटलं, निसर्गाचं लिहावं, तो तरी फुकट आहे.
फाल्गुनात सुरंगी फुलते,
पानांआड नाही, थेट लाकडाला, अंगावर पुरळ उठावं तशी.
उजाडायच्या आत शेवंती गावडे शिडी लावते;
ऊन लागलं की कळी उमलते
आणि बाजारात भाव पडतो.
त्या तासाभरात तळ्याच्या पाण्यालासुद्धा वास येतो.
वासाचे किती, ते लादूला विचारलं नाही.

कमळपक्षी पानांवरून चालतो,
नवी सून शेणानं सारवलेल्या ओल्या जमिनीवरून चालते तसा.
थंडीत रात्री अडया शीळ घालत जातात.
माझी बायको असताना म्हणायची,
या गावात झोप लागत नाही ती ह्यांच्यामुळं.
आता त्या शीळेशिवाय लागत नाही.
हे फलकावर कशाला.

पलीकडे खाडी.
गोडं पाणी आणि खारं पाणी यांच्यामध्ये
एका बैलगाडीएवढा बांध, बस्स.
त्यात मोरी, मोरीला खैराचा दट्ट्या,
दट्ट्याला इनास फर्नांडिस.
उधाणाच्या रात्री तो कंदील घेऊन दट्ट्याशेजारी बसायचा,
पहाटे ओंजळभर पाणी तोंडात धरायचा,
गुळणी टाकायचा, आणि आल्यागेल्याला सांगायचा,
"गोड आसा."
तेवढं ऐकून लोक आपापल्या माडांकडे वळत.
रजिस्टरात त्याच्या हुद्द्यापुढं लिहिलं होतं 'किरकोळ'.
तो गेल्याला नऊ वर्षं झाली, जागा भरलेली नाही.
भरायची असते असं कुणाला वाटलंही नाही.
मलाही नाही, खरं सांगायचं तर.

शेवटी कागद फाडला, आणि दुसऱ्यावर लिहिलं:
आडतळं जुनं आहे. पाणी गोड आहे.
बेचाळीस रुपये. एकही जोडाक्षर नाही.
नगराध्यक्षांना आवडलं. म्हणाले, "सुटसुटीत."

लादूनं निळ्यावर पांढरं रंगवलं.
'गोड'च्या ओकाराला जरा जास्तच वळण दिलं.
उरलेल्या जागेत काय काढू, म्हणाला.
म्हटलं, राहू दे. सात बिऱ्हाडांएवढी जागा आहे ती.
त्याला काही कळलं नाही, आणि मीही समजावलं नाही.

दुपार कलली होती.
रंगाचे हात रॉकेलनं पुसून तो पायऱ्या उतरला,
जरा दूर जाऊन हात धुतले, चूळ भरली.
भरली, आणि तशीच धरून राहिला क्षणभर.
मग थुंकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मास्तरानु, वायच मचूळ लागता."

फलकावरचा रंग अजून ओला होता.