धुरी

विल्मिंग्टनच्या धक्क्यावर जहाज सुटण्याआधी
त्याच्या पोटात धुरी देतात.
उंदरांसाठी, म्हणतात.
उंदीर म्हणजे आम्ही.

म्हणून मी मेणकापडाच्या पिशव्या शिवते.
डोक्यावरून ओढायच्या, कमरेशी दोरी आवळायची.
आत सिरक्यात भिजवलेला फडका
आणि दुधीच्या तुंब्यात चार घोट पाणी.
मालकीणबाईंना वाटतं, शिडांची ठिगळं.
शिडांचीच आहेत, बाई.
जातात शिडांबरोबरच.

मला दोनच माणसं ठाऊक.
एक जेथ्रो, टर्पेंटाइनच्या पिंपांवर खडूची रेघ ओढणारा.
दुसऱ्याचं नाव सांगणार नाही.
त्याच्यापुढे कोण आहे, कुठल्या बंदरात
कोण रात्री दाराची कडी काढून ठेवतं,
त्यालाही बहुधा ठाऊक नसेल.
अख्खं कापड कुणीच पाहिलेलं नाही.

टायटस आला तेव्हा ऑक्टोबर होता.
पिंपं बांधायचा तो. हातांना राळेचा वास.
पिशवी घालून पाहिली, खांद्यात घट्ट झाली.
मी म्हटलं, थांब, उसवून देते.
तेवढ्यात तो खोकला.

एकदाच.

दिव्याची वात सारखी करण्यात
मी बराच वेळ घालवला.
मग पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.
त्या जहाजात आणखी दोघी जायच्या होत्या,
एकीला सातवा महिना.
'छाती मोकळी झाली की ये,' म्हटलं, 'मार्चमध्ये.'
'बरं, झिल्फा,' म्हणाला,
आणि अंगण ओलांडून जाईपर्यंत
तोंडावर हात दाबून चालत राहिला,
जणू माझ्या अंगणातही धूर होता.

जानेवारीत त्याला जॉर्जियाला विकलं,
दोन खेचरं आणि एका रंध्यासकट.

त्या दोघी पोचल्या का, ते कळत नाही.
कळू नये, असंच ठरलेलं आहे.
फक्त मे महिन्यात उत्तरेकडून बटाट्यांची पिंपं आली,
त्यातल्या एकाच्या तळाशी माझी पिशवी होती,
धुऊन, घडी घालून.
बगलेपाशी फाटली असावी;
कुणीतरी रफू केली होती,
माझ्याहून बारीक टाक्यांनी.
ते टाके मी बोटाने मोजले. एकोणीस.
कुणाचे, देव जाणे.

रात्री मी ती पिशवी परत उसवली.
रफूला हात नाही लावला.
खांद्यात दोन बोटं वाढवून ठेवली आहे.