आठवा दगड

विट्याहून सकाळची एसटी. मांडीवर पिशवी,
पिशवीत कोरी कार्डं, रेकॉर्डर, सुटे सेल,
आणि सरांच्या अक्षरातली चिठ्ठी:
जलदेवता आणि स्त्रिया. येरळाकाठ. गावे अकरा.
खाली, अधोरेखित:
साती आसरा म्हणजे सात बहिणी आणि एक राखणदार भाऊ.
आठवा दगड दिसला तर म्हसोबा लिहा.

हे सातवं गाव.
टेंभूचं पाणी आल्यापासून
या विहिरीकडं कुणी फिरकत नाही,
सापांखेरीज, आणि यमुना हारुगडेंखेरीज.

कार्ड क्रमांक एकेचाळीस.
निवेदकाचे नाव: वर आलंच आहे.
वय: मोठ्या दुष्काळात खडी फोडायला होते.
शिक्षण: हसल्या.

पायऱ्यांवर शेंदूर, वाळलेला दहीभात,
फुटक्या हिरव्या काकणांचा चुरा.
मी त्यांना सांगू लागले, म्हणजे शिकलेलं सांगू लागले,
की आसरा हा शब्द अप्सरा या शब्दावरून आला,
अप् म्हणजे पाणी.
त्या ऐकत होत्या. पदरानं दगड पुसत होत्या.
'आसं व्हय,' म्हणाल्या.
'आमी आपलं समजायचो, आसरा म्हंजे आसराच.
घरचं दार लागलं, म्हायेरचं बी लागलं,
मग बाईनं जायाचं कुठं?'

मी कार्डावर लिहिलं: लोकव्युत्पत्ती.
मग खोडलं.
मग खोडलेलं तसंच ठेवलं.

एक, दोन, तीन, मोजत गेले.
सात दगड गोल, नदीतले, पाण्यानं घडवलेले.
आठवा काळा, कोनाचा,
एका बाजूला सुतकीचा घाव.

'हा भाऊ ना? राखणदार?'

त्यांनी बराच वेळ पाण्याकडं बघितलं.
'भाऊ आला हुता तिचा.
तेराव्याला. जेवून गेला.'

रेकॉर्डरचा तांबडा दिवा चालू होता.

'दादला म्हणला पाय घसरला.
पोलीसपाटील म्हणला पाय घसरला.
बाय, भर पुरात येरळा पार करायची ती,
पाठीला भोपळा न बांधता.
आमाला पवायला तिनंच शिकवलं,
ह्याच हिरीत, दुपारच्या पारी,
गडीमाणसं जेवून आडवी झाली की.'

आणि मग नाव सांगितलं. एकदाच.

'खडीच्या कामावरचा धोंडा हाय त्यो.
आमी तिघींनी रातचा पदरात आणला.
सकाळी गाव म्हणलं, आसरा वाढली.
सासू पयली आली वटी भराया.
थरथरत हुती.'

मी पेन उघडलं.
इतक्या वर्षांनी तरी कुठंतरी नोंद व्हावी,
तळटीप का असेना, असं काहीसं
मोठ्या मनानं बोलले असेन.

त्यांनी कार्डावर तळहात ठेवला. ओला, शेंदराचा.
'नाव नको लिवू.
नाव लिवलंस का ती परत कुणाची तरी सून हुती.
फलाण्याची बायकू, मयत, वय इतकं.
आता कुणाची न्हाय.
आता तिला सगळी भित्यात.'

उतरतीचं ऊन विहिरीत तिरकं गेलं.
तळाशी काही हललं. मासा असेल.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक चष्मा पुसत म्हणाले,
'आठ कशा? परंपरेत सात आहेत.'
सरांनी माझ्याकडं बघितलं.
म्हसोबा म्हटलं असतं तर
चहा लवकर आला असता.

म्हटलं, 'पाठभेद आहे सर.
या गावात आठ बहिणी.'
'आधार?'
'एक निवेदक.'
'एकच?'
'बाकीच्या दोघी वारल्या.'

प्रबंधाला पदवी मिळाली, त्या पानावर शेरा राहिला:
पुरावा अपुरा.

टेप अजून कपाटात आहे.
नाव येतं तिथं मी पुसायला घेतलं होतं,
बोट बटणावर ठेवलं होतं.
नावाच्या आधी काकणं वाजतात,
नावानंतर बेडूक पाण्यात उडी मारतो.
मधलं अजून पुसलेलं नाही,
आणि कुणाला ऐकवलेलंही नाही.

एकेचाळीस क्रमांकाच्या कार्डावर
पाच बोटं उमटलीत, शेंदरी.
सूचीत ते कुठल्या अक्षराखाली लावायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.