तोंड फिरलेली तोफ

अझोर्सच्या त्या धक्क्यावर
रंग देऊन तोफ परत आणली,
तेव्हा क्रेनवाल्या एवारिश्तूला जेवायची घाई.
टेकवली तशीच:
पाठ समुद्राला,
तोंड देओलिंदाच्या बेकरीवर.

पालिकेत अर्ज गेला.
अर्जावर अर्ज बसला.

आता रोज पहाटे शटर उचलताना
ती त्या काळ्या भोकाकडे बघते,
दारुड्या दिराकडे बघावं तशी,
तोंडाला न लागता.
"थांब," म्हणते, "पहिली भट्टी निघू दे."

पोरं नळीला कान लावतात.
आत समुद्र आहे म्हणतात.
देओलिंदा म्हणते, भूक.

जानेवारीत लोखंड गारठतं.
तेव्हा पावांचा ट्रे
निववायला ती ठेवते तोफेच्या पाठीवर.

तेवढा वेळ
तोफ तापते,
बार न उडता.